कीलहॉर्न यांच्या ग्योटिंगेनमध्ये पाच दिवस

महाराष्ट्रात संस्कृत व्याकरण शिकलेल्या माणसाला कीलहॉर्न हे नाव परके वाटत नाही. पाणिनीच्या व्याकरणावरचे पतंजलीचे महाभाष्य आमच्या पिढीने ज्या तीन खंडांतून वाचले, ते जर्मन विद्वान फ्रांत्स कीलहॉर्न यांनी १८८० ते १८८५ या काळात मुंबई संस्कृत मालेत संपादित करून छापले होते, आणि पुढे काशिनाथ वासुदेव अभ्यंकर यांनी त्याच खंडांची सुधारित आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेतर्फे काढली. कीलहॉर्न १८६६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले, पुण्याच्या शास्त्रीमंडळींजवळ बसून पंधरा वर्षे त्यांनी व्याकरण घोटले, आणि १८८२ मध्ये ते जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या विद्यापीठात रुजू झाले ते अखेरपर्यंत तिथेच राहिले. १९०८ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या संग्रहातील संस्कृत पोथ्या तिथल्या विद्यापीठ ग्रंथालयाकडे गेल्या. त्यांतली एखादी पोथी हातात घेऊन पाहावी, ही इच्छा अध्यापनाच्या काळात मनातच राहिली होती. माझी भाची तिथे संशोधनासाठी गेली आणि ‘मावशी, आता तरी ये’ असा तिचा आग्रह सुरू झाला, तेव्हा निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या जूनमध्ये मी निघाले. ग्रंथालयाला आधीच पत्र पाठवून पोथी पाहण्यासाठी शुक्रवार सकाळची वेळ ठरवली होती, त्यामुळे आधीचे चार दिवस शहरासाठी मोकळे होते.

पहिला दिवस, सोमवार

फ्रँकफुर्टहून जलद गाडीने दोन तासांच्या आत ग्योटिंगेन येते. लोअर सॅक्सनी प्रांताच्या दक्षिण टोकाला, लाइने नदीच्या खोऱ्यात वसलेले हे शहर एक लाख वीस हजारांच्या आसपास वस्तीचे आहे, आणि त्यांतला साधारण पाचातला एक माणूस विद्यार्थी आहे, हे स्थानकाबाहेर पाऊल टाकताच तिथल्या सायकलींच्या रांगांवरून कळते. जुन्या गावाकडे चालू लागले की थोड्याच अंतरावर धातूचा सूर्य दिसतो. सूर्यमालेचे इथे दोन अब्जांत एक या प्रमाणात प्रतिरूप मांडले आहे. सूर्य सुमारे सत्तर सेंटिमीटर व्यासाचा आहे आणि पुढे पाऊणशे मीटर चालल्यावर पृथ्वी भेटते, ती जेमतेम तुरीच्या दाण्याएवढी. गावात शिरण्याच्या वाटेवरच येणाऱ्याला असे मोजमाप दाखवणारे शहर मी दुसरे पाहिलेले नाही. दूरचे ग्रह पुढे गावातून टेकडीच्या दिशेने पांगलेले आहेत.

संध्याकाळी बाजारचौकात गेलो. जुन्या नगरभवनाच्या बांधकामाची सुरुवात १२७० मधली. त्याच्या तळघरातील भोजनगृहाच्या दारावर लॅटिनमध्ये एक वाक्य आहे, त्याचा अर्थ असा : ग्योटिंगेनबाहेर जीवन नाही, आणि असलेच तर ते असे नाही. गावाचा इतका निःशंक अभिमान पाहून मला पुण्यातच असल्यासारखे वाटले. समोर १९०१ मध्ये उभारलेल्या कारंज्यावर लोखंडी वेलबुट्टीच्या छत्रीखाली हंस घेतलेली, उघड्या पायांची, लहानशी ‘गेन्झेलीझल’ उभी आहे. गेन्झेलीझल म्हणजे हंस राखणारी पोर. चौकातली मूर्ती ही प्रतिकृती असून मूळ मूर्ती संग्रहालयात जपली आहे. कारंज्याच्या कठड्यावर वाळलेले दोन पुष्पगुच्छ अडकवलेले होते. ते कोणी वाहिले, असे विचारल्यावर भाची म्हणाली, ‘बुधवारी दाखवते.’ रात्रीचे साडेनऊ वाजले तरी उजेड होता. तिने घरी मुगाची खिचडी आणि सोबत तिथला पांढरा शतावरीचा कोंब उकडून लोणी घालून केला होता. या कोंबाचा हंगाम चोवीस जूनपर्यंतच मानतात आणि तोवर सगळा गाव तो रोज खातो, असे ती सांगत होती.

दुसरा दिवस, मंगळवार

हा दिवस पूर्ण चालण्यात गेला. जुने गाव एका मातीच्या तटाच्या आत आहे, आणि इतके आटोपशीर आहे की कुठलेही टोक गाठायला वीस मिनिटांहून अधिक लागत नाहीत. लाकडी चौकटी बाहेर दिसणारी, वरचा मजला खालच्याहून पुढे आलेली घरे गल्लोगल्ली आहेत. बार्फ्युसर रस्त्यावरच्या ‘युंकर्नशेंके’ या घराच्या तुळयांवरचे कोरीव काम सोळाव्या शतकातले आहे. पण मला खिळवून ठेवले ते घरांच्या भिंतींवरच्या पांढऱ्या संगमरवरी पाट्यांनी. पाटीवर फक्त नाव, तो माणूस कोण होता ते सांगणारा एक शब्द, आणि तो त्या घरात कोणत्या साली राहिला ते आकडे. अशा तीनशेहून अधिक पाट्या गावात आहेत. ही प्रथा १८७४ पासून चालू आहे. राजाची किंवा सेनापतीची नव्हे, तर भाड्याच्या खोलीत राहून गेलेल्या प्राध्यापकाची आणि विद्यार्थ्याची आठवण घराच्या कपाळावर लिहून ठेवणे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कवी हाइनरिश हाइने इथे कायदा शिकला, १८२५ मध्ये इथेच डॉक्टर झाला आणि नंतर त्याने या गावाची मनसोक्त टवाळी लिहिली. तरी त्याचीही पाटी गावाने लावली आहे.

नगरभवनाजवळ फरसबंदीत एक खूण आहे. तिच्यावर उभे राहिले की चार दिशांना चार चर्चे दिसतात : उत्तरेला याकोबी, पूर्वेला आल्बानी, दक्षिणेला मिखाएल आणि पश्चिमेला योहानिस. योहानिस चर्चच्या दोन मनोऱ्यांचे गणिताशी नाते आहे. १८३३ मध्ये थोर गणिती कार्ल फ्रीडरिश गाउस आणि त्याचा तरुण सहकारी, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक विल्हेल्म वेबर, या दोघांनी गावातल्या प्रयोगशाळेपासून तटाबाहेरच्या वेधशाळेपर्यंत सुमारे एक किलोमीटर तार ओढून विद्युत संदेश पाठवले. ती तार याच मनोऱ्यांवरून नेली होती. १८४५ मध्ये वीज पडून ती नष्ट झाली. चर्चच्या पायथ्याशी उभे राहून मी मान वर करून बराच वेळ पाहत राहिले. दोन विद्वानांना एकमेकांशी बोलायचे होते आणि त्यासाठी त्यांनी देवळाच्या शिखराचा आधार घेतला, एवढेच चित्र डोळ्यांपुढे येत होते. याकोबी चर्चमध्ये १४०२ मधला सोन्याने मढवलेला वेदीपट आहे, आणि खांबांवर लाल, पांढऱ्या व करड्या पट्ट्या अशा रंगवल्या आहेत की सरळ खांब दुमडलेल्या कागदासारखे दिसतात.

दुपारी तटावर चढलो. तटाच्या माथ्यावर आता दोन्ही बाजूंनी लिंडन वृक्षांची सावली असलेली पायवाट आहे आणि जूनअखेर ही झाडे फुलतात. त्यांचा वास आपल्या करंजाच्या फुलोऱ्यासारखा मंद, पण अधिक गोड आहे. एका बाजूला तटातच बांधलेले लहानसे गोल घर लागते. गावात राहायला मनाई झाल्यामुळे पुढे जर्मनीचा चान्सलर झालेला ऑटो फॉन बिस्मार्क विद्यार्थी असताना १८३३ मध्ये इथे राहिला होता. पुढे आल्बानी स्मशानभूमीत, जी आता झाडांखालची बाग झाली आहे, गाउसची समाधी आहे. १८०७ मध्ये वेधशाळेचा संचालक म्हणून तो आला आणि १८५५ मध्ये त्याच वेधशाळेतल्या आपल्या बिऱ्हाडात त्याने प्राण सोडला. समाधीभोवती कुंपण आहे, पलीकडे मुले चेंडू खेळत होती.

तिथून दोन पावलांवर आल्बानी चौक आहे. १० मे १९३३ च्या रात्री विद्यार्थ्यांनी या चौकात पुस्तके जाळली. त्याच रात्री जर्मनीतल्या अनेक विद्यापीठ-गावांत अशाच होळ्या पेटल्या आणि ज्यांची पुस्तके त्यांत गेली त्या लेखकांत हाइनेही होता. ग्रंथालयांच्या बळावर नाव कमावलेल्या गावात, शिकलेल्या मुलांच्या हातून हे झाले. तिथे उभी असताना मला ५ जानेवारी २००४ ची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. त्या दिवशी जमावाने भांडारकर संस्थेत शिरून मोडतोड केली होती आणि विस्कटलेल्या पोथ्या व फाटलेली पाने गोळा करायला पुण्यातले कितीतरी लोक धावले होते. दोन घटनांचे मोजमाप एक नाही, हे मला कळते. पण जमिनीवर पसरलेली पाने एकदा आठवली की मग ती डोळ्यांपुढून लवकर हलत नाहीत. भाचीने काही विचारले नाही. आम्ही चौकातल्या बाकावर थोडा वेळ बसलो आणि घरी परतलो.

तिसरा दिवस, बुधवार

सकाळी गावाच्या पश्चिमेला असलेल्या मोठ्या स्मशानभूमीत गेलो. स्मशान म्हणावे असे तिथे काही वाटत नाही. उंच झाडे, तळे आणि त्यांतून जाणाऱ्या स्वच्छ वाटा. इथे आठ नोबेल मानकरी चिरविश्रांती घेत आहेत : माक्स प्लांक, माक्स बोर्न, ओटो हान, माक्स फॉन लाउए, वाल्टर नेर्न्स्ट, ओटो वालाख, आडोल्फ विंडाउस आणि रिशार्ड झिग्माँडी. समाध्यांचे दगड साधे आहेत. त्यांवर पदव्यांच्या माळा नाहीत, आणि तीन दगडांवर मृतांनी आयुष्यात शोधलेले सूत्र तेवढे कोरले आहे. प्लांकच्या दगडाच्या तळाशी त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थिरांकाचे मूल्य आहे. हानच्या दगडावर युरेनियमच्या विभाजनाचे सूत्र आहे. बोर्नच्या दगडावर पुंजयामिकीतले (क्वांटम मेकॅनिक्समधले) ते समीकरण आहे, ज्यात स्थान आणि संवेग यांच्या गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलते. भाची ते समीकरण बोटाने दाखवत मला समजावत होती. क्रम बदलला की अर्थ बदलतो हे व्याकरणवाल्यांना नवे नाही, असे मी तिला म्हणाले आणि पाणिनीच्या सूत्रांत पूर्वीचे सूत्र आणि नंतरचे सूत्र यांचा झगडा कसा सोडवतात ते सांगत आम्ही प्लांकच्या समाधीपाशी परत आलो. बर्लिनचे घर बाँबहल्ल्यात गेल्यावर आणि मुलाला नाझी राजवटीने जानेवारी १९४५ मध्ये फाशी दिल्यावर तो वृद्ध माणूस ग्योटिंगेनला येऊन राहिला आणि १९४७ मध्ये इथेच गेला.

गणिती डेव्हिड हिल्बर्टच्या दगडावर त्याचेच १९३० मधले शब्द आहेत : आपल्याला जाणलेच पाहिजे, आपण जाणूच. या शब्दांपुढे उभे राहिले की त्यानंतर तीनच वर्षांत काय झाले ते आठवतेच. १९३३ च्या वसंतात आलेल्या कायद्याने ज्यू प्राध्यापकांना पदावरून दूर केले. बोर्न गेला, रिशार्ड कूरांट गेला, एमी नोएथर गेली. जेम्स फ्रांकला पहिल्या महायुद्धातील सेवेमुळे सूट होती, तरी त्याने निषेध म्हणून स्वतः राजीनामा दिला. एमी नोएथरची कथा मला सर्वांत जवळची. बीजगणितात तिच्या तोडीचे फार थोडे होते, पण स्त्री म्हणून विद्यापीठ तिला अध्यापनाचा अधिकार देईना, तेव्हा हिल्बर्टच्या नावाने जाहीर झालेली व्याख्याने ती देत असे. तो अधिकार तिला १९१९ मध्ये मिळाला आणि चौदा वर्षांत तो काढून घेण्यात आला. ती अमेरिकेत गेली आणि १९३५ मध्ये तिथेच वारली. बोर्न मात्र म्हातारपणी जर्मनीत परतला, आणि १९७० मध्ये याच गावात त्याने देह ठेवला. ज्या गावाने त्याला घालवले, त्याच्याच मातीत तो आहे.

याच विद्यापीठाच्या इतिहासात १९३३ च्या सुमारे शंभर वर्षे आधीची दुसरी एक घटना आहे, तीही सांगायला हवी. ग्योटिंगेन तेव्हा हानोफरच्या राज्यात होते. १८३७ मध्ये तिथल्या नव्या राजाने राज्यघटना रद्द केली, तेव्हा सात प्राध्यापकांनी लेखी विरोध नोंदवला. त्यांत लोककथांचे संग्राहक याकोब आणि विल्हेल्म ग्रिम हे बंधू होते आणि गाउसचा सहकारी वेबरही होता. सातही जणांना काढून टाकले, तिघांना तर देशाबाहेर जावे लागले. आज विद्यापीठाच्या मुख्य आवारातल्या, मध्यवर्ती ग्रंथालयासमोरच्या चौकाला ‘ग्योटिंगेनच्या सातांचा चौक’ असे नाव आहे आणि विद्यार्थी तिथे पायऱ्यांवर बसून डबा खातात.

संध्याकाळी भाचीने सोमवारचे वचन पुरे केले. तिच्या विभागातल्या एका मुलाची डॉक्टरेटची तोंडी परीक्षा दुपारी झाली होती. मित्रांनी पुठ्ठ्याची चौकोनी टोपी करून तिच्यावर त्याच्या संशोधनातली चित्रे, प्रयोगशाळेतल्या नळ्या आणि लहानपणीचा फोटो चिकटवला होता. एका हातगाडीला फुगे आणि हिरव्या फांद्या बांधून, तिच्यात त्याला बसवून, ओढत बाजारचौकापर्यंत मिरवत नेले. मग तो कारंज्यावर चढला, गेन्झेलीझलच्या गालाचे त्याने चुंबन घेतले आणि पुष्पगुच्छ तिच्या हातात अडकवला. १९२६ मध्ये नगरपालिकेने या प्रथेवर बंदी घातली होती, एका विद्यार्थ्याने त्याविरुद्ध दावा लावला आणि तो हरला, पण प्रथा काही थांबली नाही. मूर्तीला शंभर वर्षे झाली तेव्हा, २००१ मध्ये, बंदी रीतसर उठवण्यात आली. त्या मुलाची आई माझ्या शेजारीच उभी होती. तिला इंग्रजी येत नव्हते, मला जर्मन जेमतेम येते. तिने माझा हात धरला आणि तो खाली उतरेपर्यंत सोडला नाही.

चौथा दिवस, गुरुवार

सकाळी पाऊस होता. तो उघडल्यावर आगगाडीने जवळच्या हानोफर्श म्युंडेनला जाऊन आलो. इथे वेरा आणि फुल्डा या दोन नद्या मिळतात आणि पुढे वेझर या तिसऱ्याच नावाने वाहतात. संगमावरच्या शिळेवर तशी कविता कोरली आहे : दोघी एकमेकींचे चुंबन घेतात आणि त्याची किंमत म्हणून आपापली नावे गमावतात. कराडच्या संगमावर कोयनेला आपले नाव सोडावे लागते, कृष्णा मात्र कृष्णाच राहते. इथे दोघींनीही सोडले. गाव सुंदर आहे, लाकडी चौकटींच्या घरांनी भरलेले आहे, पण माझे लक्ष दुसऱ्या दिवसाकडे लागले होते आणि मी लवकर परतले.

पाचवा दिवस, शुक्रवार

ग्रंथालयाची जुनी इमारत पाउलिनर चर्चला लागून आहे. चौदाव्या शतकातले हे डॉमिनिकन भिक्षूंचे चर्च धर्मसुधारणेनंतर त्यांच्या हातून गेले आणि १७३७ मध्ये इथेच विद्यापीठाचे उद्‌घाटन झाले. ज्या राजाच्या नावाने विद्यापीठ ओळखले जाते तो हानोफरचा गेओर्ग आउगुस्ट, म्हणजेच इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज. विद्यापीठाच्या सुरुवातीपासून ग्रंथालयाला त्याचे हृदय मानले गेले आणि पुस्तके कपाटांत कुलूपबंद न ठेवता वाचकाच्या हाती द्यायची, हा त्याचा लौकिक झाला. चर्मपत्रावर छापलेल्या गुटेनबर्ग बायबलच्या ज्या चार संपूर्ण प्रती जगात उरल्या आहेत, त्यांतली एक या ग्रंथालयाची आहे.

वाचनकक्षात शाईचे पेन न्यायला मनाई आहे. शिसपेन, कोरा कागद आणि भिंग एवढेच घेऊन मी बसले. ग्रंथपाल बाईंनी फोमचे दोन तिरके ठोकळे ठेवले, पान दाबून ठेवण्यासाठी कापडात शिवलेली शिशाची माळ दिली आणि मग करड्या पुठ्ठ्याच्या पेटीतून पोथी काढली. व्याकरणाची, सुट्या पानांची, आडवी, देशी कागदावर लिहिलेली. कडा तपकिरी झाल्या होत्या, पण मधले अक्षर काल लिहिल्यासारखे काळेभोर होते. पुण्याच्या कुठल्या तरी वाड्याच्या ओसरीवर, मांडीवर पाटी घेऊन लिहिणारा कोणी तरी माणूस ते गोल वळणाचे देवनागरी काढताना माझ्या डोळ्यांपुढे आला. तिसऱ्या पानावर लेखकाची एक चूक झाली होती. ती त्याने खोडली नव्हती. त्यावर पिवळा हरताळ फासून, तो सुकल्यावर त्यावरच नीट अक्षर काढले होते. आपण रोजच्या बोलण्यात ‘हरताळ फासला’ असे म्हणतो तो हाच, पण बोलण्यात तो नासाडीचा झाला आहे, पोथीत तो दुरुस्तीचा होता. भिंगाखाली त्या पिवळ्या चौकोनाच्या आतले जुने अक्षर अंधुक दिसत होते. त्याला लिहायचे होते ‘ण’ आणि हातून आला होता ‘न’.

समासात बारीक अक्षरात सुटलेले शब्द भरलेले होते आणि ते कोणत्या जागी घ्यायचे ते दाखवणारी कावळ्याच्या पावलासारखी खूण ओळीत केलेली होती. कीलहॉर्न यांनी आयुष्यभर केलेले काम नेमके हेच होते. निरनिराळ्या प्रतींतले असे भेद एकेक करून टिपणे, पाणिनीच्या सूत्रांवरचे कात्यायनाचे वार्तिक, म्हणजे टिपण, कुठे संपते आणि पतंजलीचे भाष्य कुठे सुरू होते ते ठरवणे, आणि जे प्रतींत नाही ते आपल्या मनाने न घालणे. १८८२ मध्ये ते पुण्याहून गेले त्याच वर्षी डेक्कन कॉलेजातल्या अध्यापनाची धुरा रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे आली आणि तीन वर्षांनी ग्योटिंगेन विद्यापीठाने भांडारकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. शिकणे आणि शिकवणे दोन्ही बाजूंनी चालू होते, आणि ज्या पुण्याच्या शास्त्र्यांनी कीलहॉर्न यांना व्याकरण उलगडून दाखवले त्यांचा वाटा त्या तीन खंडांत ओळीओळीला आहे, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आले.

पोथ्यांच्या अखेरीस लेखक जो श्लोक घालत तो मला पाठ आहे. पाठ, कंबर आणि मान मोडून, नजर खिळवून, तोंड खाली घालून कष्टाने हा ग्रंथ लिहिला आहे, तो यत्नाने सांभाळावा, असे त्यात म्हटले आहे. मी तो मनातल्या मनात म्हटला. पाठ खरोखरच दुखू लागली होती. घड्याळात पाहिले तर तीन तास झाले होते.

पोथी परत देताना ग्रंथपाल बाई माझ्यासमोर बसल्या आणि पाने मोजू लागल्या. देवनागरी आकडे त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून त्या प्रत्येक पान उचलून ओठांतल्या ओठांत जर्मनमध्ये मोजत होत्या आणि मी कोपऱ्यातला आकडा पाहून मराठीत. शेवटच्या पानाला दोघींनी एकदमच मान हलवली. त्यांनी पोथी पेटीत ठेवली, पेटीला फीत बांधली आणि नोंदवहीत माझ्या सहीशेजारी आपली सही केली.